जनगणनेत ‘घर स्वतःचं की भाड्याचं?’ : सोलापूरकरांनी काय सांगावं

जनगणनेचा प्रगणक दारात आला की हा प्रश्न येतोच, आणि नेमकं इथेच अनेक घरांत उत्तर अडखळतं. भाडेकरूला वाटतं, घरमालक चिडेल. मालकाला वाटतं, भाडेकरूची सरकारी नोंद झाली तर उद्या तो घरावर हक्क सांगेल. दोन्ही भीती मनातून काढून टाका. जनगणना अधिनियम 1948 च्या कलम 15 नुसार या नोंदी बघण्याचा अधिकार कुणालाही नाही, आणि त्या कायद्याखालचे खटले सोडले तर कोर्टात त्या पुरावा म्हणूनही चालत नाहीत. या उत्तराने कुणाची मालकी वाढत नाही, कुणाची कमीही होत नाही.

यासाठी वेगळा अर्ज नाही, फी नाही, पात्रतेची अट नाही. 2027 च्या जनगणनेचा पहिला टप्पा म्हणजे घरयादी. ती एप्रिल ते सप्टेंबर 2026 या काळात, प्रत्येक राज्याने ठरवलेल्या 30 दिवसांत होते. त्याआधीच्या 15 दिवसांत जनगणनेच्या पोर्टलवर मोबाइल नंबरने लॉगिन करून स्वतः माहिती भरता येते, याला स्वगणना म्हणतात. ती भरल्यावर मिळालेला क्रमांक जपून ठेवा आणि प्रगणक आल्यावर त्यांना द्या. लॉगिनचा ओटीपी मात्र फोनवर कुणालाही सांगायचा नाही.

कागदपत्रं? एकही दाखवावं लागत नाही. उतारा, घरपट्टीची पावती, भाडेकरार, काहीच नाही. तुम्ही सांगाल तेच लिहिलं जातं, म्हणून खरं सांगणं महत्त्वाचं. उलट प्रगणकाचं ओळखपत्र तुम्ही जरूर मागा.

आता खरा गुंता. 2011 च्या घरयादीत या रकान्याला तीन उत्तरं होती: स्वतःचं, भाड्याचं, इतर. देशभरात 86.6 टक्के कुटुंबांनी स्वतःचं सांगितलं, शहरांत मात्र भाड्याचं सांगणारी 27.5 टक्के होती. घर कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर असू दे, बायकोच्या किंवा आईच्या, ते स्वतःचंच. हप्ते फिटायचे असले तरी स्वतःचंच. विडी घरकुल किंवा कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतींत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जागा दुसऱ्याची, पण बांधकाम तुमचं असेल आणि घराचं भाडं देत नसाल, तरीही उत्तर तेच. झोपडपट्टीतली माणसं इथे उगाच कचरतात.

भाडं रोख दिलं काय किंवा कारखानदाराने पगारातून कापलं काय, ते घर भाड्याचं. जुन्या वाड्यात नाममात्र भाड्यावर राहत असाल, मालकाशी वाद चालू असेल, तरी भाड्याचंच. रेल्वे क्वार्टर किंवा पोलीस लाइनमध्ये राहणाऱ्यांना क्वार्टरमुळे घरभाडे भत्ता मिळत नसेल, तर तेही भाड्यातच धरतात. मामाच्या रिकाम्या घरात फुकट राहणारा भाचा ‘इतर’मध्ये जातो. गावाकडे स्वतःचं घर आहे म्हणून इथल्या खोलीला स्वतःचं म्हणू नका. विचारणा आहे ती तुम्ही राहता त्या घराची.

सोलापूरच्या पूर्व भागात खाली कापड विणायचे माग आणि वर संसार अशी घरं गल्लोगल्ली आहेत. तिथे घराचा वापर विचारला की राहणं आणि कारखाना दोन्ही सांगा. नुसता कारखाना सांगितलात तर तिथे कुणी राहतं हेच नोंदीतून सुटेल. एका छताखाली दोन भावांच्या चुली वेगळ्या असतील तर कुटुंबंही दोन, आणि प्रत्येकाची नोंद वेगळी. कुटुंबप्रमुख पुरुषच हवा असंही नाही. घर जिला प्रमुख मानतं, ती आजीही चालते.

दिवसा कर्ती माणसं मागावर किंवा विडी कारखान्यात असतात, घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलणारी म्हातारी माणसं. घर कुणाचं, खोल्या किती, चुली किती, हे त्यांना त्यांच्याच भाषेत आधी सांगून ठेवा.