पार्श्वभूमी : पटकथा स्पर्धा आणि बंद झालेले थेट दार

एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने स्टुडिओशी व्यवहार करणारा प्रतिनिधी, नसलेल्या लेखकाची पटकथा हॉलिवूडचे स्टुडिओ सहसा वाचतच नाहीत. उद्या कुणी ‘ही गोष्ट माझी होती’ म्हणत कोर्टात गेले तर काय, ही त्यांची भीती. पण एजंटही आधी काही नाव झाल्याशिवाय वाचत नाही. या कोंडीतून वाट म्हणून स्पर्धा आल्या. नव्वदच्या दशकात ‘स्पेक’, म्हणजे कुणी न मागता स्वतःच्या हिमतीवर लिहिलेल्या पटकथा मोठ्या रकमांना विकल्या जाऊ लागल्या आणि स्पर्धांचे पेव फुटले.

त्यांत सर्वांत वजनदार ठरली निकोल फेलोशिप. ऑस्कर देणाऱ्या संस्थेने ती १९८६ मध्ये एका दिवंगत टीव्ही लेखकाच्या पत्नीच्या देणगीतून सुरू केली. आधी फक्त कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांसाठी असलेली ही स्पर्धा टप्प्याटप्प्याने जगभरासाठी खुली झाली. सिनेमा-टीव्हीच्या लेखनातून २५,००० डॉलरच्या वर कमाई झालेल्यांना प्रवेश नाही, म्हणजे मैदान खरोखरच नवोदितांचे. विजेत्याला मिळणाऱ्या ३५,००० डॉलरला आपण सहज ‘बक्षीस’ म्हणतो, पण ही रक्कम पाठवलेल्या पटकथेची किंमत नव्हे. वर्षभरात नवी पटकथा लिहून पूर्ण करायची, त्यासाठीचे हे पैसे; ते हप्त्यांनी मिळतात. जिंकलेल्या पटकथेचे हक्क लेखकाकडेच राहतात.

या स्पर्धेवरून वाद झाला तो २०२५ मध्ये. त्या वर्षी निकोलने थेट अर्ज घेणे बंद केले. पटकथा आता विद्यापीठे, लॅब (पटकथा घडवून घेणाऱ्या कार्यशाळा) आणि तत्सम भागीदार उपक्रमांमार्फत येणार. ज्याच्या पाठीशी यांपैकी कुणी नाही त्याने एका खासगी संकेतस्थळावर पटकथा ठेवायची. तिथे एका महिन्याचे ३० डॉलर आणि एका वाचनाचे १०० डॉलर असा दर होता. पूर्वी लवकर अर्ज केला तर साधारण ५० डॉलरमध्ये काम होत असे. शुल्कमाफीची सोय नव्या व्यवस्थेतही होती, हे नोंदवायला हवे. निर्णयाच्या बाजूनेही बोलता येते: करोनाच्या काळात अर्ज आठ हजारांच्या वर गेले होते आणि एवढ्या पटकथा नीट वाचणे हेच मोठे काम. शिवाय नव्या पद्धतीत लेखी अभिप्राय हाती पडतो. तरीही गमावले ते मोठे आहे. पहिल्या पानावर नाव नसलेली शंभरेक पानांची पीडीएफ पाठवायची आणि दोन अनोळखी वाचकांनी ती केवळ पानांवरच्या मजकुरावरून जोखायची, एवढाच तो व्यवहार होता. कोणत्या विद्यापीठात शिकलात, हे तिथे कुणी विचारत नव्हते. आता मधल्या माणसाची चाळणी आधी लागते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अनेक स्पर्धांचे अर्ज एका ठिकाणी घेणारे आणि लेखकांची क्रमवारी लावणारे एक मोठे संकेतस्थळ बंद पडले. ‘अमुक स्पर्धेत उपांत्य फेरी’ या ओळींवर आपली ओळख उभारणाऱ्यांची पंचाईत झाली.

मराठी लेखकाला निकोलची एक अट आधीपासूनच आडवी येत होती: पटकथा मुळात इंग्रजीत लिहिलेली हवी, भाषांतर चालत नाही. आपल्याकडची वाट वेगळी. १९६३ पासून चालणाऱ्या पुण्याच्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसारख्या रंगमंचावरून कितीतरी जण पुढे सिनेमाच्या लेखनात आले. पटकथेसाठी सरकारी चित्रपट महामंडळाची लॅब २००७ मध्ये सुरू झाली. तिथे बक्षिसापेक्षा पुन्हा पुन्हा लिहून घेण्यावर भर होता आणि त्यातून निघालेल्या काही पटकथांचे चित्रपट झाले. दहाएक वर्षांनी एका खासगी कंपनीने २५ लाखांचे पहिले बक्षीस जाहीर केले, तेव्हा कुठे स्पर्धेची हवा मुंबईत पोचली.

इथे अर्ज भरताना हक्कांचे कलम आधी वाचावे लागते. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरची लेखकाची रॉयल्टी राखली आहे. पण निवड झालेल्या पटकथेवर आयोजकांचा पहिला हक्क किती महिने राहील, हे कायद्यात नाही, स्पर्धेच्या नियमांत असते.