रेट्रो बास्केटबॉल शूज कडक का लागतात, त्याची पार्श्वभूमी

कणकवली म्हणा, रत्नागिरी म्हणा, पोरं हल्ली जीन्सखाली जे रेट्रो म्हणजे जुन्या डिझाईनचे, गोल नाकाचे जाड सोलचे शूज घालतात ते मुळात बास्केटबॉल खेळायला बनलेले, फिरायला नव्हेच, आणि 'दिसायला एक नंबर पण पाय दुखतात' ही रड तिथूनच सुरू होते.

1917 ला कन्व्हर्सचा ऑल स्टार आला. वर कॅनव्हास, खाली सपाट रबर, आत गादी जवळपास नाहीच, तरी अमेरिकेतले खेळाडू कितीतरी वर्षं त्याच्यावरच उड्या मारत होते. 1969 ला आदिदासने लेदरचा सुपरस्टार काढला, पुढे रबरी शिंपल्यासारखं नाक. मग 1973 चा पुमा क्लाइड, बास्केटबॉलपटू वॉल्ट फ्रेझरच्या टोपणनावाचा, स्वेडचा म्हणजे मखमली लव असलेल्या चामड्याचा, आणि हा बाबा कपड्यालत्त्याचा भारी शौकीन, त्यामुळे माझ्या मते स्टाईलचं वेड खरं इथून लागलं.

1982 ला ब्रूस किलगोरने डिझाईन केलेला एअर फोर्स वन आला, नाइकेच्या बास्केटबॉल शूजमध्ये पहिल्यांदा हवेची पिशवी, पण ती जाड रबरात पूर्ण लपलेली म्हणून आज घालणाऱ्याला 'एअर कुठाय?' असं वाटतं. 1985 चा जॉर्डन वन, बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनच्या नावाचा नाइकेचाच शू, पीटर मूरने डिझाईन केलेला. त्याची कॉलर उंच ती घोट्याला आधार म्हणून, लेदर दणकट ते कोर्टवरच्या धावपळीत टिकावं म्हणून, आणि आपण तोच शू मे महिन्याच्या घामात घालून बाजारात जातो, मग कडक लागला तर दोष कोणाचा!

फिटिंगचं म्हणाल तर ऑल स्टार मोठा येतो, अर्धा नंबर कमी घ्या, जॉर्डन वन बहुतेकांना नेहमीच्याच नंबरात बसतो. पण आपला पंजा वर्षानुवर्षं चपलेत पसरलेला, करंगळी दाबली जाते, म्हणून लोक सरळ एक नंबर वाढवतात आणि मग टाच सटकते. त्यापेक्षा पुढच्या लेस सैल करा, वरच्या आवळा, आणि संध्याकाळी ट्राय करा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो.

जुने मॉडेल परत काढायचा प्रकार जॉर्डनमध्ये 1994 ला सुरू झाला, तेव्हा फारसं कोणी विचारलं नाही, माल सेलमध्ये गेला. आता उलटं, लोक घेऊन न घालता ठेवतात. कोकणात हे अजिबात करू नका. डिझायनर टिंकर हॅटफिल्डच्या 1988 च्या जॉर्डन थ्रीसारख्या शूजचा मधला थर पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा, तो हवेतल्या ओलाव्याने आतून सुटत जातो आणि काही वर्षांनी घालायला काढला की भुगा. कपाटाला बुरशी धरणाऱ्या आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. त्यामुळे सेकंडहँड घेताना वरचं लेदर किती चकचकीत आहे ते नंतर, आधी बनवल्याची तारीख बघा (बहुतेक वेळा आतल्या लेबलवर असते) आणि टाचेजवळचा सोल अंगठ्याने दाबा, भेगा पडल्या किंवा चिकट लागला तर फुकटातही नको.