किती तपासण्या केल्या म्हणजे हात तयार झाला? पीआयसीयूतील सोनोग्राफी-प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

पीआयसीयूतल्या, म्हणजे मुलांच्या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरने स्वतः प्रोब (सोनोग्राफी मशीनचा अंगावर फिरवायचा भाग) हाती घेण्याची पद्धत मोठ्यांच्या अपघात विभागातून आली. पोटात रक्तस्राव आहे का, हे खाटेपाशीच पाहणारी 'फास्ट' तपासणी 1990 च्या दशकात रुळली. अमेरिकेतील आपत्कालीन चिकित्सकांच्या संघटनेने 2001 मध्ये सोनोग्राफीची पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुढच्या आवृत्त्यांमधून शिकणाऱ्याने प्रत्येक प्रकारच्या 25 ते 50 तपासण्या कराव्यात हा आकडा सर्वत्र पसरला. मोजायला सोपा असल्यामुळेच तो टिकला, असे म्हणायला हरकत नाही.

सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकताना सोनोग्राफी वापरावी, अशी शिफारस ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने 2002 मध्ये केली आणि तीत मुलांचाही समावेश होता. फ्रान्सच्या डॅनियल लिश्टेनस्टाइन यांचा फुप्फुसासाठीचा 'ब्लू प्रोटोकॉल' 2008 मध्ये आला, तो मात्र मोठ्यांवर बेतलेला होता.

मोठ्यांवर शिकलेला हात बाळावर चुकतो, त्याची कारणे अगदी साधी आहेत. प्रोब किंचित दाबला तरी तान्ह्या बाळाची गळ्यातली शीर चपटी होते आणि पडद्यावर दिसेनाशी होते. छातीच्या वरच्या भागातली थायमस ग्रंथी नवख्याला न्यूमोनियाचा घट्ट भाग वाटते. थंड जेल भरपूर ओतले तर बाळ गार पडते, म्हणून ते आधी कोमट करून घेतात.

सर्वांत धोक्याची चूक व्हेंटिलेटरवरच्या बाळात होते. डाव्या बाजूला फुप्फुसाची सरक (श्वासाबरोबर होणारी हालचाल) दिसत नाही, की लगेच 'न्यूमोथोरॅक्स' (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) म्हणून सुई टोचायची घाई होते. प्रत्यक्षात बऱ्याचदा श्वासासाठी घातलेली नळी उजव्या श्वासनलिकेत सरकलेली असते आणि डाव्या फुप्फुसात हवाच जात नसते. अशा वेळी प्रोब न हलवता त्याच जागी थांबून पाहावे. हृदयाच्या ठोक्याबरोबर फुप्फुसाचा पडदा थरथरत असेल, तर त्या जागी न्यूमोथोरॅक्स नाही. मग नळीची खोली तपासायची.

नवजात अर्भकांच्या हृदयतपासणीची शिस्त वेगळ्या वाटेने आली. 2011 मध्ये अमेरिकी आणि युरोपीय संघटनांनी मिळून प्राथमिक स्तरासाठी चार ते सहा महिन्यांचे प्रशिक्षण आणि किमान 150 तपासण्या अशी अट सुचवली. हृदयाची रचनाच सदोष असण्याची शक्यता बाळांत जास्त, त्यामुळे ही कडक अट योग्यच म्हणायची. बालरोग आपत्कालीन विभागांसाठी अमेरिकी बालरोग अकादमीचे धोरण 2015 मध्ये आले. युरोपातील बाल व नवजात अतिदक्षता संघटनेच्या 41 शिफारशी 2020 मध्ये आल्या. त्यांचा भर सोनोग्राफी कुठे वापरावी, यावर होता. शिकणाऱ्याला पास कधी म्हणायचे, हा प्रश्न बराचसा प्रत्येक विभागावरच राहिला.

नुसत्या आकड्याचा फोलपणा लॉगबुक उघडले की कळतो. फुप्फुसाच्या तीस नोंदी असतात आणि तीसही नॉर्मल! म्हणून आता क्लिप साठवून तज्ज्ञाकडून तपासून घेतात आणि शेवटी परीक्षक शेजारी उभा राहून पाहतो: प्रोब योग्य निवडला का, डेप्थ (चित्राची खोली) आणि गेन (चित्राचा उजळपणा) लावला का, बाळाचे सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) घसरल्यावर हात थांबला का. 'नीट दिसत नाही, कार्डिऑलॉजिस्टना बोलवा' या उत्तरालाही पूर्ण गुण द्यावे लागतात, नाहीतर विद्यार्थी अंदाज ठोकायला शिकतो.

भारतात आणखी एक पदर आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, केंद्राचा 1994 मध्ये आला. बाळाच्या छातीवर ठेवायच्या मशीनलाही त्याखाली नोंदणी लागते. 2012 च्या दुरुस्तीने पोर्टेबल मशीन नोंदणीच्या आवारातल्या दाखल रुग्णांपुरते आणि फिरत्या वैद्यकीय पथकांपुरते बांधले गेले. त्यामुळे पीआयसीयूतले मशीन उचलून दुसऱ्या रुग्णालयातल्या कार्यशाळेला नेता येत नाही. आयोजकांना परवानगीचे कागद आधी जमवावे लागतात, शिकणाऱ्यांची यादी त्यानंतर.