लसिका-निचरा मसाज: कोणासाठी, कशासाठी आणि केव्हा नको

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसिकाग्रंथी काढल्या असतील किंवा त्या भागाला रेडिएशन दिले असेल, तर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, त्या बाजूचा हात जड वाटू लागतो, बांगड्या घट्ट होतात आणि ब्लाउजची बाही दंडावर रुतू लागते. आमच्या केंद्रात लसिका-निचरा मसाजासाठी येणाऱ्यांमध्ये अशा भगिनींची संख्या सर्वाधिक असल्याने हे पत्रक मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिले आहे.

रक्तवाहिन्यांतून पेशींभोवती झिरपलेले जास्तीचे पाणी आणि प्रथिने गोळा करून पुन्हा रक्तात पोहोचवणे हे लसिकावाहिन्यांचे काम असते. या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांच्या भिंतींचे स्वतःचे आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि खोल श्वास यांच्या बळावर लसिका (म्हणजे हा गोळा झालेला द्रव) पुढे सरकते आणि अखेर गळपट्टीच्या हाडामागील मोठ्या शिरांमध्ये जाऊन मिळते. काखेतील वाट बंद झाली की प्रथिनयुक्त द्रव हातात साचतो, आणि तो बराच काळ तसाच राहिल्यास त्वचा जाड व कडक होत जाते.

डेन्मार्कचे एमिल व एस्ट्रिड व्होडर या दांपत्याने 1930 च्या दशकात फ्रान्समध्ये विकसित केलेली ही पद्धत आपल्याकडच्या मालिशीपेक्षा अगदी वेगळी आहे. यात तेल लावून रगडणे नसते. लसिकेच्या सूक्ष्म वाहिन्या त्वचेच्या लगेच खाली असल्यामुळे त्वचा हलकेच ताणून सोडली तरी त्यांची तोंडे उघडतात. ‘जरा जोर लावा ना’ असा आग्रह आम्हाला बहुतेक रोज ऐकावा लागतो आणि रोज तो नाकारावा लागतो. शिवाय सुरुवात सुजलेल्या हातापासून न करता मान आणि निरोगी बाजूची काख येथून केली जाते, कारण शेतातल्या पाटाचे पुढचे तोंड मोकळे केल्याशिवाय मागचे तुंबलेले पाणी वाहत नाही.

तथापि केवळ मसाजाने ही सूज आटोक्यात राहत नाही, हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो. थरांची दाबपट्टी आणि पुढे मापाची दाबबाही, हाताचे व्यायाम आणि त्वचेची निगा यांच्या जोडीनेच त्याचा उपयोग होतो, आणि त्यातही मोठा वाटा दाबपट्टीचा असतो. घरी विळीवर भाजी चिरताना किंवा बागकाम करताना त्या हाताला जखम होऊ देऊ नये, कारण लहानशा चिरेतूनही जंतुसंसर्ग होऊन सूज झपाट्याने वाढू शकते. गडचिरोली, चंद्रपूर अशा जिल्ह्यांत आढळणाऱ्या हत्तीरोगातही लसिकावाहिन्याच निकामी होतात. मात्र तेथे रोज साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे याला मसाजापेक्षा अधिक महत्त्व आहे.

या मसाजाने वजन उतरते किंवा शरीरातील ‘विषद्रव्ये’ बाहेर पडतात, अशी जाहिरात आपण पाहिली असेल. आम्ही तसा दावा करत नाही: चरबी यातून जात नाही, आणि रक्तातील टाकाऊ द्रव्ये हाताळण्याचे काम यकृत व मूत्रपिंडे करतात.

सुजलेला भाग लाल व गरम असेल, ताप असेल, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा संशय असेल किंवा हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार नियंत्रणात नसेल, तर मसाज करू नये. अशा वेळी आधी डॉक्टरांकडे जावे. दोन्ही पाय एकाच वेळी सुजले असतील तर कारण अनेकदा लसिकेत नसून अन्यत्र असते, म्हणून त्यांनाही आम्ही तपासणीशिवाय घेत नाही.

पहिल्या भेटीस येताना शस्त्रक्रियेची व रेडिएशनची कागदपत्रे आणि चालू औषधांची यादी आणावी, तसेच सैल बाहीचे कपडे घालावेत. दोन्ही हातांचा घेर ठराविक अंतरांवर टेपने मोजून आम्ही नोंदवून ठेवतो. काही बैठकांनंतर आकड्यांत फरक दिसला नाही, तर त्या पुढे लांबवण्याऐवजी आपल्याला पुन्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवतो.