पाळीव सशाची शिंक

पाळीव सशाची शिंक : नाकपोकळीच्या आतल्या नाजूक अस्तराला धूळ, धूर, बुरशी, जंतू किंवा अडकलेली गवताची काडी यांचा उपद्रव झाला असता हवा नाकावाटे झटक्याने बाहेर टाकण्याची सशाची प्रतिक्षिप्त क्रिया. दिवसातून एखाददुसरी कोरडी शिंक निरोगी सशालाही येते. गवत हुंगताना, पाणी पिताना किंवा तोंड पुसताना आलेल्या अशा शिंकेची चिंता करण्याचे कारण नाही. शिंकांबरोबर नाक वाहू लागणे, डोळ्यांतून पाणी येणे, श्वासाचा आवाज होणे किंवा खाणे कमी होणे यांपैकी काहीही दिसले, तर मात्र शिंक हे आजाराचे लक्षण समजावे.

सशाच्या शरीरात नाकाचे स्थान काय आहे हे लक्षात घेतल्याशिवाय या लक्षणाचे गांभीर्य कळत नाही. त्याच्या श्वासनलिकेच्या तोंडावरचे झाकण, म्हणजे कंठच्छद, मृदू तालूच्या वरच्या बाजूला टेकलेले असते. त्यामुळे हवेचा मार्ग नाकातून थेट श्वासनलिकेत जातो आणि ससा जवळजवळ सर्वस्वी नाकानेच श्वास घेतो. नाक चोंदले की माणूस तोंड उघडून झोपतो. सशाला हा दुसरा मार्ग इतका अडचणीचा आहे, की मान वर ताणून तोंडाने श्वास घेणारा ससा जिवाच्या संकटात आहे असेच मानावे लागते. शांत बसलेला ससा मिनिटाला साधारण ३० ते ६० वेळा श्वास घेतो. सावलीत, त्याला हात न लावता, कुशीची हालचाल १५ सेकंद मोजून चाराने गुणली की हा आकडा मिळतो. घरचा ससा बरा असतानाच हा आकडा एकदा पाहून ठेवावा, कारण ससा हा शिकाऱ्यांच्या भीतीत वाढलेला प्राणी असल्याने दुखणे शेवटपर्यंत लपवतो आणि आजारपणात तुलनेला तोच आकडा उपयोगी पडतो.

पाळीव ससा (ओरिक्टोलेगस क्युनिक्युलस) हा मूळचा स्पेन व पोर्तुगाल यांच्या आयबेरियन द्वीपकल्पातील, बिळात राहणाऱ्या रानसशाचा वंशज आहे. कोकणच्या सड्यांवर, म्हणजे कातळी माळांवर, आणि काजूच्या बागांत रात्री दिसणारा ससा (लेपस नायग्रिकॉलिस) निराळ्या प्रजातीचा असून तो १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली येतो. त्याची पिल्ले सापडली म्हणून घरी आणून पाळू नयेत. इथला रानससा या हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला आहे. पाळीव सशाला मात्र किनाऱ्यावरचा उष्ण दमटपणा मानवत नाही. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो आणि पारा तिशीच्या घरात गेला की त्याचा श्वास जलद होऊ लागतो.

किनारपट्टीवरच्या घरांत शिंकांचे कारण शोधताना म्हणूनच आधी हवेकडे पाहावे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भाताचा पेंढा आणि सुके गवत कितीही जपून माळ्यावर ठेवले तरी ओल धरते. वरून कोरडी दिसणारी पेंढी आतून काळपट किंवा पांढुरकी झालेली असते आणि ती सोडली की बुरशीचे बीजाणू धुळीसारखे उडतात. असा पेंढा सशाला अंथरूण म्हणूनही घालू नये. दुसरे कारण मुतारीचे. सशाच्या मूत्रापासून सुटणारा अमोनिया पिंजऱ्याच्या तळाशी साठतो, ससा नेमका त्याच उंचीवर चोवीस तास श्वास घेतो आणि उभ्या माणसाला वास येईपर्यंत सशाच्या नाकाचे अस्तर दुखावलेले असते. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पडवीला झावळ्या किंवा ताडपत्री लावण्याची रीत आहे, पण ती जमिनीपर्यंत चापून बांधली की पडवीतला वारा थांबतो. ओलावा, अमोनिया आणि बुरशी तिन्ही कोंडली जातात आणि पावसाळ्यातल्या कितीतरी शिंकांचे मूळ येथेच असते. ताडपत्रीखाली वितभर जागा मोकळी ठेवून पिंजरा जमिनीपासून वर, वाऱ्याच्या थेट झोताबाहेर ठेवला आणि अंथरूण रोज बदलले, तर फरक लवकर दिसतो.

धुराचे प्रकार ऋतूप्रमाणे बदलतात. पावसापूर्वीची भाजावळ (शेतात पालापाचोळा जाळून जमीन भाजणे), वर्षभराची चूल, संध्याकाळची मच्छर कॉइल, गणपतीच्या दिवसांतला धूप आणि फटाके, यांपैकी कशाचाही धूर सशाच्या नाकाला सोसत नाही. आंब्याच्या मोहोरावर कीटकनाशकाची फवारणी चालू असताना ससा बागेलगतच्या पडवीत न ठेवता घरात घ्यावा आणि त्या बागेतले गवत त्याला घालू नये. लाकूड गिरणीतला बारीक भुसा अंथरणे हेही शिंकांचे नेहमीचे कारण आहे. शिंका कोरड्या असतील आणि ससा नेहमीसारखा खात-खेळत असेल, तर अंथरूण व जागा बदलून दोन-तीन दिवस पाहण्यास हरकत नाही.

जंतुसंसर्गामुळे होणारी सर्दी याहून वेगळी असते. तिच्यामागे बहुधा पाश्चरेला मल्टोसिडा हा जंतू असतो. बॉर्डेटेला ब्राँकिसेप्टिका, स्टॅफिलोकॉकस व स्युडोमोनस हेही जंतू आढळतात. लुई पाश्चर यांनी कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर संशोधन केले, त्यावरून पाश्चरेला हे नाव पडले. कोकणातल्या शेतकऱ्याला याच जातीचा जंतू दुसऱ्या रोगामुळे परिचित आहे, कारण गुराम्हशींना पावसाळ्याआधी ज्याची लस टोचतात तो घटसर्प या जंतूच्या एका प्रकारामुळे होतो. सशात आढळणारे प्रकार निराळे असल्याने गुरांची लस सशाला टोचून घेण्यात अर्थ नाही. अनेक प्रौढ ससे हा जंतू नाकात बाळगूनही निरोगी दिसतात. प्रवास, उष्मा, दाटी किंवा अमोनिया यांनी प्रतिकारशक्ती खचली की रोग उघड होतो. आधी पाण्यासारखा स्राव येतो, मग तो पांढरा-पिवळा आणि घट्ट होतो. ससा पुढच्या पायांनी नाक पुसत राहतो, त्यामुळे पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून राठ होतात. नाक पुसून स्वच्छ दिसत असले तरी हे केस खरे काय ते सांगतात, म्हणून तपासणी नेहमी पंजांपासून सुरू करावी. संसर्ग नाकातून मधल्या कानात शिरला तर मान एका बाजूला कलते आणि फुप्फुसांत उतरला तर न्यूमोनिया होतो.

एकाच नाकपुडीतून स्राव आणि त्याच बाजूचा डोळा ओला, असे दिसल्यास दातांचा विचार करावा. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे दात आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर. चावायला पुरेसे गवत नसेल तर दाढा नीट झिजत नाहीत आणि मुळे उलट दिशेने लांबतात. डोळ्यातले पाणी नाकात नेणारी नळी वरच्या पुढच्या दातांच्या मुळांजवळून जात असल्यामुळे ती दाबली जाऊन तुंबते. चपाती, बिस्किटे आणि भात यांवर वाढवलेल्या सशात ही तक्रार अधिक दिसते. अचानक सुरू झालेला, थांबता न थांबणारा शिंकांचा सपाटा बहुधा नाकात गेलेल्या काडीमुळे असतो. ती घरी चिमट्याने काढू नये.

स्राव पांढरा किंवा पिवळा झाला, पंजे चिकट झाले, किंवा जागा बदलूनही शिंका थांबल्या नाहीत, तर एक-दोन दिवसांत पशुवैद्याकडे जावे. श्वास घरघरत असेल, कुशी जोरात आत-बाहेर होत असतील, ओठ निळसर दिसत असतील किंवा ससा तोंडाने श्वास घेत असेल, तर दिवस-रात्र न पाहता तत्काळ निघावे. खाण्याविषयी विशेष जागरूक असावे. नाक चोंदलेल्या सशाला चाऱ्याचा वास येत नाही, तो खाणे सोडतो आणि सशाचे आतडे सतत भरते राहिले तरच चालते. सुमारे १२ तास त्याने काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती तातडीची अवस्था असते. शिंकेच्या मूळ कारणापेक्षा हे उपासमारीचे संकट कित्येकदा लवकर जीव घेते.

घरगुती उपायांत ओव्याची धुरी, निलगिरीचे तेल आणि कापराचे मलम ही लहान मुलांच्या सर्दीची साधने सशावर वापरू नयेत, कारण त्यांनी दुखावलेले अस्तर आणखी भाजते. माणसांची किंवा कुत्र्यामांजरांची उरलेली औषधे त्याहून घातक आहेत. अमॉक्सिसिलीन, अँपिसिलीन, क्लिंडामायसीन, लिंकोमायसीन यांसारखी प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास आतड्यातले उपयुक्त जंतू मरून विषारी क्लॉस्ट्रिडियम जंतू माजतात आणि ससा जुलाबाने दगावू शकतो. स्टेरॉइडही सशाला सहसा देत नाहीत. पशुवैद्य शक्य असल्यास नाकातल्या स्रावाची जंतुतपासणी करून बहुधा एन्रोफ्लॉक्सासीन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा देतात. सशाचा पू दह्याच्या खवल्यांसारखा घट्ट असतो, तो सहज वाहून जात नाही, म्हणून उपचार कित्येक आठवडे चालतात. दरम्यान कोमट ओल्या कापसाने नाक पुसत राहणे आणि कोथिंबीर, पुदिना असा वासाचा पाला हाताने भरवणे यांचा मोठा उपयोग होतो.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गुरे, शेळ्या आणि कोंबड्या येतात. तेथे जाताना सशाचे वय, खाणे, अंथरूण आणि शिंका केव्हापासून आहेत हे सांगावे आणि मोबाइलवर काढलेले शिंकांचे चित्रण दाखवावे, कारण दवाखान्यात घाबरलेला ससा बहुधा शिंकत नाही. दातांची किंवा कवटीची क्ष-किरण तपासणी लागल्यास मोठ्या शहरात जावे लागते. मुंबईत परळला १८८६ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. उन्हाळ्यात हा प्रवास पहाटे करावा. घरात दुसरा ससा असेल तर आजारी सशाची भांडी व जागा वेगळी ठेवावी, आणि नवा ससा आणल्यावर त्याला निदान दोन आठवडे, जमल्यास महिनाभर, जुन्यापासून दूर ठेवावे. गिनीपिग सशाजवळ ठेवू नयेत, कारण सशाला फारसा न जाचणारा बॉर्डेटेला जंतू गिनीपिगमध्ये प्राणघातक न्यूमोनिया घडवतो.