बाळंतपणानंतरचं डिप्रेशन: हे आजचं नाही

आपल्याकडे बाळंतिणीचं सगळं ठरलेलं असतं, सव्वा महिना माहेरी, शेक-मालिश, डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, पाचवीला सटवाईची पूजा. पण तिनेच सांगितलं की सारखं रडू येतंय, बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही, बाळाला जवळ घ्यावंसंच वाटत नाही, तर एकतर दृष्ट काढतात नाहीतर "आम्ही नाही का पाच-पाच काढली" हे ऐकवतात, आणि मग ती परत बोलतच नाही.

हे हल्लीच्या मुलींचं फॅड आहे असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते, १८५८ मध्ये फ्रान्समध्ये लुई-व्हिक्टर मार्से नावाच्या डॉक्टरने गरोदर आणि बाळंतीण बायकांच्या मानसिक आजारांवर अख्खा ग्रंथ लिहिला होता. फक्त तेव्हा लक्ष गेलं ते वेड्यांच्या इस्पितळापर्यंत पोचलेल्या बायकांकडे. घरातली कामं उरकत आतून खचत जाणारी बाई डॉक्टरांना दिसायला पुढची शंभर वर्षं गेली, १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये ब्राइस पिट यांनी तिच्याबद्दल लिहिलं. मग १९८७ मध्ये हे डिप्रेशन ओळखायची एडिनबर्ग स्केल आली, गेल्या सात दिवसांबद्दल फक्त दहा प्रश्न, हसू येतं का, उगाच स्वतःला दोष देता का, स्वतःला इजा करावीशी वाटते का. नर्ससुद्धा विचारू शकते इतके साधे.

आपल्या जवळचा, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा अभ्यास गोव्यातला. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या जिल्हा हॉस्पिटलमध्ये येणाऱ्या गरोदर बायकांना बाळंतपणानंतरही भेटून तो केला, २००२ मध्ये छापून आला. सहा ते आठ आठवड्यांनी २५२ पैकी ५९ जणींना डिप्रेशन होतं, म्हणजे जवळपास चौघींत एक! त्यातल्या बहुतेकींना गरोदरपणातच त्रास सुरू झालेला, आणि अर्ध्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झाल्या नव्हत्या. धोका वाढवणाऱ्या गोष्टी काय निघाल्या, तर पैशाची चणचण, नवऱ्याशी न पटणं, मारहाण, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं. आता यात "मनाने कमकुवत" कोण हे तुम्हीच सांगा. हार्मोन्स, झोपमोड हे आहेच, पण मुलगी झाली म्हणून तोंड पाडून बसलेलं घर बाळंतिणीला डॉक्टरकडे नेणार कसं?

त्यानंतर गोष्टी हलल्या, पण हळूहळू. २००९ मध्ये बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आजारांच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा वॉर्ड सुरू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आलं की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल शक्यतो तोडायचं नाही. गोव्यात तर शेजारपाजारच्याच बायकांना ट्रेनिंग देऊन घरोघरी आयांशी बोलायला पाठवून बघितलं. २०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबरही आहे.

पण दीड महिन्याच्या लसीला बाळ नेतात ना, नेमकी तीच वेळ असते एडिनबर्ग स्केलचे ते दहा प्रश्न विचारायची, आणि बहुतेक ठिकाणी बाळाचं वजन होतं, लस टोचतात, तापाचं औषध देतात, आणि आईला काही न विचारताच पुढचा नंबर घेतात.