अणुकचऱ्याची भूमिगत प्रयोगशाळा म्हणजे अणुकचऱ्याचे भांडार नव्हे

भंडारा, गोंदिया किंवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावाच्या शिवारात खनिज सर्वेक्षणाचे ड्रिलिंग मशीन उभे राहिले आणि खडकाचे लांब नमुने पेट्यांत रचले जाऊ लागले, की पारावर तर्क सुरू होतात, आणि ‘इथे अणुकचरा तर पुरणार नाहीत ना’ ही शंका त्यांत मिसळायला वेळ लागत नाही. ही शंका हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही, कारण जमिनीखाली शेकडो मीटरवर चालणारी दोन वेगवेगळी कामे, म्हणजे किरणोत्सारी कचऱ्याविषयीचे संशोधन करणारी भूमिगत प्रयोगशाळा आणि तो कचरा कायमचा ठेवण्याचे भूगर्भीय भांडार, वरून पाहणाऱ्याला जवळजवळ सारखीच दिसतात. दोन्हींना बोगदे लागतात, दोन्हींना उतरण्याचा मार्ग लागतो आणि दोन्ही ठिकाणी तेच भूवैज्ञानिक त्याच खडकाविषयी बोलत असतात.

प्रयोगशाळेचे चांगले उदाहरण स्वित्झर्लंडमधील ग्रिम्सेलचे आहे. आल्प्स पर्वतातील ग्रॅनाइटमध्ये, डोक्यावर सुमारे 450 मीटर खडक असलेल्या बोगद्यांत, 1984 पासून अनेक देशांच्या संस्था मिळून प्रयोग करीत आल्या आहेत. तेथे कचरा पुरला जात नाही. पाणी खडकाच्या भेगांतून कसे आणि किती वेगाने सरकते हे पाहण्यासाठी काही प्रयोगांत अत्यल्प किरणोत्सारी द्रव्ये मोजून सोडली जातात, हे मात्र खरे आहे, आणि ‘तेथे किरणोत्सारी काहीच नसते’ असे सांगणारा माणूस अर्धवट माहिती देत असतो. याच ठिकाणच्या एका प्रयोगात कचऱ्याच्या डब्यांऐवजी विजेचे हीटर बोगद्यात ठेवून त्यांच्याभोवती बेंटोनाइट या मातीचे ठोकळे रचण्यात आले. 1997 मध्ये हीटर सुरू झाले, त्यांच्या पृष्ठभागाचे तापमान 100 अंश सेल्सिअसवर राखले गेले, आणि शेवटचा हीटर 2015 मध्ये बंद करून भोवतीची माती थराथराने खणून तपासण्यात आली.

ही माती विदर्भातल्या शेतकऱ्याला अगदीच परकी नाही. उन्हाळ्यात जिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या पावसात जी फुगून त्या भेगा स्वतःच बुजवते, त्या आपल्या वावरातल्या काळ्या जमिनीतील फुगणारे खनिज आणि बेंटोनाइटचे मुख्य खनिज एकाच गटातले आहे. बेंटोनाइटमध्ये त्याचे प्रमाण फार जास्त असते आणि ठोकळे प्रचंड दाबाखाली घडवलेले असतात, त्यामुळे पाणी लागताच ते फुगून सभोवतालची पोकळी गच्च भरतात आणि पुढे पाण्याला वाहायला वाट उरत नाही. मात्र सतत उष्णता लागल्यावरही तिचा हा गुण टिकतो का, हे कागदावर सिद्ध होत नाही, आणि असल्या प्रश्नांसाठीच प्रयोगशाळा खणाव्या लागतात.

भांडाराचे काम याहून वेगळे असते. फिनलंडमधील ओल्किलुओतो येथे ओंकालो नावाच्या भांडारात, सुमारे 430 मीटर खोलीवर, वापरलेले अणुइंधन ओतीव लोखंडाच्या गाभ्यात घालून, त्यावर 5 सेंटिमीटर जाडीचे तांब्याचे कवच चढवून, बेंटोनाइटच्या वेष्टनात ठेवण्याची योजना आहे. त्याला 2015 मध्ये बांधकामाचा परवाना मिळाला आणि 2024 मध्ये खरे इंधन न वापरता संपूर्ण प्रक्रियेची चाचणी सुरू झाली. स्वीडनमध्ये तर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या गावी आहेत. ऑस्कर्शामनजवळच्या एस्पो येथील प्रयोगशाळेत पद्धत पारखली गेली, आणि भांडारासाठी शेकडो किलोमीटर दूरचे फोर्समार्क निवडले गेले, जेथे 2022 मध्ये सरकारची मंजुरी आणि जानेवारी 2025 मध्ये कामाचा प्रारंभ झाला.

सगळीकडे रेघ इतकी ठळक नसते, आणि लोकांचा संशय येथूनच जन्म घेतो. ओंकालोचे खोदकाम 2004 मध्ये सुरू झाले तेव्हा तेही खडकाच्या तपासणीसाठीच होते. फरक एवढाच की पुढे तेच भांडार व्हावे हा हेतू पहिल्यापासून उघड होता. फ्रान्समध्ये ब्यूर येथील प्रयोगशाळेत कचरा ठेवण्यास कायद्याने मनाई आहे, तरीही नियोजित भांडार त्याच भागातल्या त्याच मातीच्या थरात होणार आहे. अशा ठिकाणी प्रयोगशाळेला विरोध करणारा गावकरी अडाणी आहे असे मला वाटत नाही.

सर्वांत वाईट दाखला जर्मनीतील आसे येथील मिठाच्या जुन्या खाणीचा आहे. संशोधनाची खाण या नावाखाली 1967 ते 1978 या काळात तेथे कमी व मध्यम किरणोत्सारी कचऱ्याची सुमारे 1,26,000 पिंपे उतरवली गेली. नाव प्रयोगशाळेचे आणि काम भांडाराचे, असा तो प्रकार होता. त्या खाणीत 1988 पासून खारे पाणी शिरत आहे, आणि तो कचरा पुन्हा वर काढण्याचा कायदा जर्मनीला 2013 मध्ये करावा लागला. ‘बंद पडलेल्या खाणी आहेतच, त्यांतच टाकून द्यावा’ असे सहज म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. खाण जेथे खनिज असते तेथे खणली जाते, खडक अभेद्य आहे म्हणून नव्हे. आणि उपसा थांबला की खाणीत पाणी कसे भरते हे वणी, उमरेड भागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

भारतातही प्रयोग आणि भांडार यांची गल्लत झालेली आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने 1980 च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीतील वापरात नसलेल्या भागात, सुमारे 1000 मीटर खोलीवर, उष्णतेमुळे खडकावर होणारा परिणाम अभ्यासला होता. तेथे कचरा नेलेला नव्हता. पुढे 2012 मध्ये तमिळनाडूतील कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाच्या प्रकरणी न्यायालयात कोलारचा उल्लेख कचरा ठेवण्याच्या संदर्भात आला, तेव्हा त्या भागात आंदोलन पेटले आणि तसा कोणताही बेत नसल्याचा खुलासा सरकारला करावा लागला.

म्हणून यंत्र कोणते आणि खोली किती यापेक्षा परवाना कशाचा आहे आणि लेखी वचन काय दिले आहे, हे विचारणे जास्त उपयोगी ठरते. जपानमध्ये होक्काइदो बेटावरील होरोनोबे येथे प्रयोगशाळा सुरू होण्यापूर्वीच, 2000 साली, तेथे अणुकचरा आणणार नाही आणि वापरणार नाही असा करार स्थानिक शासनाशी करण्यात आला. त्याच देशातल्या मिझुनामी येथील ग्रॅनाइटमधली प्रयोगशाळा काम आटोपल्यावर बुजवण्यात आली आणि भाडेपट्ट्याची जमीन नगरपालिकेला परत गेली. ओंकालो मात्र सुमारे शंभर वर्षे डबे उतरवून झाल्यावर बंद केले जाईल, आणि त्यानंतर कोणी देखरेख केली नाही तरी ते सुरक्षित राहावे, या अटीवरच त्याची सारी रचना बेतलेली आहे.